खानापूरच्या डोंगरात दूध सोसायटी: उभी कशी करायची, टिकवायची कशी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला दूध आहे, पण ते एका जागी नाही. जांबोटी, कणकुंबी, गुंजी, लोंढा या पट्ट्यात गाव म्हणजे चार-पाच वाड्या, मध्ये ओढा, वर रान, आणि घरटी दोन-तीन म्हशी. सपाटीवर एका गल्लीत जेवढे दूध गोळा होते तेवढ्यासाठी इथे तीन किलोमीटर फिरावे लागते. सहकार या मुलखाला नवा नाही. १९०४ साली कायदा झाला आणि दुसऱ्याच वर्षी गदगजवळ कणगिनहाळला पतसंस्था निघाली. ती देशातली पहिली म्हणून ओळखली जाते. तेव्हा गदग आणि बेळगाव दोन्ही मुंबई इलाख्यात होते. तरी डोंगरातली सोसायटी सपाटीवरच्या नमुन्याने काढली तर टिकत नाही. इथे तीन गोष्टी आधी बघाव्या लागतात: उन्हाळ्यात किती दूध राहते, पावसात दूध नेणारी गाडी कुठपर्यंत येते, आणि मापाच्या टेबलावर कोण बसतो.

पाहणी मे महिन्यात करा

आपल्याकडे बहुतेक म्हशी पावसाच्या अखेरीपासून थंडीपर्यंत वितात. त्यामुळे दसरा-दिवाळीपासून दूध वाढते आणि एप्रिल-मेमध्ये तळाला जाते. नोव्हेंबरात पाहणी केली की प्रत्येक गाव अडीचशे लिटरचे वाटते. त्या आकड्यावर सोसायटी निघते, आणि पहिल्याच उन्हाळ्यात सेक्रेटरीचा पगार निघत नाही म्हणून बंद पडते. पाहणी मे महिन्यात करा आणि संकलन दसऱ्याला सुरू करा.

घरोघर जाऊन एका वहीत पाच रकाने भरायचे: दुभती जनावरे किती, गाभण किती आणि कोणत्या महिन्यात विणार, रोजचे दूध किती, घरी किती लागते, उरलेले आज कुठे जाते. पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. जे दूध हॉटेलच्या रतिबाला किंवा खव्याच्या भट्टीला बांधलेले आहे, ते पहिल्या दिवशी डेअरीला येणार नाही. ते मोजूच नका. अनेकांनी रतीबवाल्याकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत दूध त्याचेच, हे गृहीत धरा.

आता हिशेब. समजा सोसायटीला लिटरमागे खर्चासाठी १ रुपया सुटतो. रोज २०० लिटर असेल तर महिन्याला ६,००० लिटर, म्हणजे ६,००० रुपये. त्यात सेक्रेटरी, टेस्टर, ॲसिड, वीज आणि वह्या भागवायच्या. रोज ९० लिटर असेल तर हातात २,७०० येतात, आणि तेवढ्यात एक माणूसही धड ठेवता येत नाही. म्हणून मे महिन्याचा आकडा शंभराच्या खाली असेल तर स्वतंत्र सोसायटीचा हट्ट धरू नका. शेजारच्या गावच्या सोसायटीचे उपकेंद्र घ्या. वेगळा कॅन, वेगळी वही, टेस्टिंग जागेवरच. दोन वर्षांत दूध वाढले की वेगळे होता येते.

वाड्या, वाट आणि गाडीची वेळ

संकलन केंद्र गावाच्या मध्यभागी नको, वाड्यांच्या वाटा मिळतात तिथे हवे. पावसाळ्यात दीड किलोमीटरच्या पलीकडून कोणी तीन लिटरची किटली घेऊन दोन वेळा येत नाही. मध्ये ओढा असेल तर जून ते सप्टेंबर तो ओलांडता येतो का, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पूल मंजूर झाला आहे, हे उत्तर धरू नका. रानालगतच्या वाड्यांतून पहाटे अंधारात बायकांना एकटे पाठवायचे नाही. त्या भागात अस्वले आहेत. अशा वाडीला वाडीतच कॅन ठेवून एका माणसाने तो एकत्र खाली आणायची सोय करा आणि त्याची मजुरी ठरवून द्या.

दूध काढल्यापासून थंड होईपर्यंतचा वेळ हाच सगळा धंदा आहे. साध्या हवेत ताजे दूध तीन-चार तास बरे राहते. पुढे आंबटपणा चढायला लागतो. पहिल्या माणसाने पावणेसहाला दूध घातले आणि गाडी साडेनऊला आली, तर शेवटच्या टप्प्यात कॅन परत येणारच. म्हणून रूटची वेळ लेखी घ्या. गाडी उशिरा आल्यास नासलेल्या दुधाची जबाबदारी कोणाची, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

बल्क कूलर (दूध थंड करायची मोठी टाकी) मिळाला की सगळे सुटले असे समजणारे पुष्कळ. कूलरला दूध ४ अंशांपर्यंत आणायचे असते, आणि इकडे जुलैत एक फांदी तारेवर पडली की दोन दिवस लाईट नाही. जनरेटर आणि त्याचे डिझेल हिशेबात धरल्याशिवाय कूलर घेऊ नका. रोजचे दूध कूलरच्या क्षमतेच्या अर्ध्यापेक्षा कमी असेल तर वीज जास्त आणि दूध कमी, असे होते.

नोंदणी आणि कन्नड कागद

दूध सोसायटी कर्नाटक सहकारी संस्था कायदा, १९५९ खाली नोंदते. सुरुवात जिल्हा दूध संघाच्या विस्तार अधिकाऱ्यापासून करा. त्याची पाहणी आणि शिफारस नसेल तर एआर ऑफिसात, म्हणजे सहाय्यक निबंधकांच्या कचेरीत, फाइल पडून राहते. मग गावसभा घेऊन मुख्य प्रवर्तक निवडायचा, शेअर रक्कम गोळा करायची परवानगी काढायची, बँकेत प्रवर्तकाच्या नावे नव्हे तर नियोजित सोसायटीच्या नावे खाते उघडायचे, शेअर आणि प्रवेश फी पावती देऊनच घ्यायची, आणि पोटनियमांसह अर्ज सहाय्यक निबंधकांकडे द्यायचा. प्रवर्तक सभासद वेगवेगळ्या कुटुंबांतले हवेत. एकाच घरातले तीन भाऊ एका रेशनकार्डावर असतील तर तिथेच हरकत निघते. कार्यक्षेत्र लिहिताना प्रत्येक वाडीचे नाव लिहा. शेजारच्या सोसायटीच्या कार्यक्षेत्रात आधीच घातलेली वाडी असेल तर त्या सोसायटीचे नाहरकत पत्र लागते, आणि निम्मी प्रकरणे त्यातच अडकतात.

शेअर कोणाच्या नावे, याचा विचार आधीच करा. म्हशीचे सगळे बाई करते, शेअर नवऱ्याच्या नावे, बिल त्याच्या खात्यावर, आणि पेंड आणायला बाईच्या हातात पैसे नाहीत. अशा घरचे दूध सहा महिन्यांत कमी होते. जी दूध घालते तिच्याच नावे शेअर आणि खाते घ्या. गावात बायका पुढे येत असतील तर महिला दूध सोसायटी म्हणूनच नोंदवा.

पोटनियम, ठराव, ऑडिट, नोटिसा, सगळे कन्नडमध्ये येते. शिक्क्यावर 'हालु उत्पादकर सहकार संघ' असते. त्यात लाजण्यासारखे किंवा चिडण्यासारखे काही नाही, पण न वाचता सही करणे घातक आहे, कारण काही शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ वेगळाच असतो. 'साल' म्हणजे वर्ष नव्हे, कर्ज. 'सुस्तीदार' म्हणजे आळशी नव्हे, थकबाकीदार. त्या यादीत नाव आले तर निवडणुकीला उभे राहता येत नाही. 'नष्ट' म्हणजे तोटा. 'बंडवाळ' म्हणजे भांडवल. 'कार्यदर्शी' म्हणजे सेक्रेटरी, 'आडळित मंडळी' म्हणजे संचालक मंडळ, 'नडावळी' म्हणजे सभेचे प्रोसिडिंग, 'लेक्क परिशोधने' म्हणजे ऑडिट. मूळ पोटनियम कन्नडमध्ये राहू द्या, पण त्यांचा मराठी अर्थ वहीत उतरवून केंद्रावर ठेवा आणि पहिल्या सभेत कलमवार मोठ्याने वाचा. कन्नड शाळेत शिकलेली मुले आता प्रत्येक वाडीत आहेत. हे काम त्यांच्याकडून करून घ्या.

मापाचे टेबल

सोसायटी कर्जाने बुडते त्याहून जास्त वेळा मापावरच्या अविश्वासाने बुडते. सकाळी पाच लिटर घालणाऱ्याला माहीत असते की आपण पाचच आणले. एका वेळी ५० मिली कमी धरले तर दिवसाला १०० मिली, वर्षाला साडेछत्तीस लिटर. चाळीस सभासदांचे मिळून १,४६० लिटर. तेवढ्यात सेक्रेटरीवर संशय येतो आणि दूध परत रतिबाला जाते.

आधी किलो आणि लिटर वेगळे करा. १ लिटर दूध सुमारे १.०३ किलो भरते. काट्यावर ५.१५ किलो दिसले तर दूध ५ लिटर आहे. किलोचा आकडाच लिटर म्हणून लिहिला तर २०० लिटरमागे ६ लिटरचा फरक पडतो. संघाकडून बिल आले की सोसायटीला तोटा दिसतो आणि तो कुठून आला हे कोणाला कळत नाही. काटा कोणत्या मापावर लावला आहे ते भिंतीवर लिहून ठेवा आणि संघ कोणत्या मापात घेतो त्याच्याशी जुळवा.

सॅम्पल घेण्याआधी दूध ढवळलेच पाहिजे. थंडीत साय वर येऊन बसते. न ढवळता वरून घेतले तर फॅट जास्त, तोटीतून घेतले तर कमी. किटलीतून बादलीत, बादलीतून परत किटलीत ओता, मगच नमुना घ्या.

ॲसिडने फॅट काढत असाल तर क्रम मोडू नका. ब्युटिरोमीटरमध्ये (फॅट मोजायच्या काचेच्या नळीत) आधी १० मिली गर्बर ॲसिड (सल्फ्युरिक ॲसिड), मग नळीच्या कडेने हळूहळू १०.७५ मिली दूध, वर १ मिली अमाईल अल्कोहोल. बूच घट्ट लावा, कापडात धरून दह्यासारखे कण विरघळेपर्यंत हलवा. नळी चांगलीच गरम होते, म्हणून उघड्या हाताने धरायची नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ११०० फेऱ्यांनी पाच मिनिटे फिरवा, ६५ अंशांच्या पाण्यात पाच मिनिटे उभे ठेवा, आणि डोळ्यासमोर सरळ धरून वाचा. फॅटच्या थराखाली काळे कण दिसले तर ॲसिड जास्त तीव्र आहे किंवा दूध एकदम ओतले गेले. पांढरे कण दिसले तर ॲसिड फिके आहे किंवा नीट हलवलेले नाही. दोन्ही वेळा ते रीडिंग वहीत लिहू नका, परत काढा. पिपेट तोंडाने ओढायचा नाही. वापरलेले ॲसिड ओढ्यात टाकायचे नाही. केंद्रामागे खड्डा खणून चुन्यावर ओता. वरचे ओढे मलप्रभा, म्हादईसारख्या नद्यांना मिळतात आणि खालची गावे तेच पाणी पितात.

मशीनवर फॅट काढत असाल तर वेळ वाचतो, पण दोन वेळच्या संकलनानंतर नळी धुतली नाही तर आत दुधाचा थर बसतो आणि आकडे सरकतात. कंपनीने दिलेल्या औषधाने ती रोज धुवा. आठवड्यातून एकदा तोच नमुना ॲसिडने काढून दोन्ही आकडे एका वहीत शेजारी-शेजारी लिहा. फरक सारखा एकाच बाजूला दिसू लागला की मशीन कॅलिब्रेट करायला पाठवा.

दुधाची घनता डिग्रीत दाखवणाऱ्या नुसत्या लॅक्टोमीटरवर विसंबू नका. पाणी घातले की डिग्री उतरते, पण साय काढली की चढते. साय काढून पाणी घातले तर डिग्री बरोबर दिसते आणि फॅटमध्ये चोरी पकडली जाते. दोन्ही चाचण्या एकत्रच बघायच्या. लॅक्टोमीटरवर जे तापमान छापले आहे त्याच तापमानाला तो खरे सांगतो. नुकते काढलेले कोमट दूध डिग्री कमी दाखवते, आणि त्यावरून एखाद्याला पाण्याचा आरोप ऐकावा लागतो. निवेपर्यंत थांबा. आरोप करायचा झाला तर सभासदाच्या समोर दुसरा नमुना काढा, त्याची सही घ्या, आणि लोकांसमोर ओरडू नका.

नासण्याची शंका असेल तर ५ मिली दूध नळीत घेऊन उकळत्या पाण्यात पाच मिनिटे धरा. गुठळी झाली तर ते दूध कॅनमध्ये जाता कामा नये, कारण तीन लिटर आंबट दूध चाळीस लिटर घालवते. दगडीसाठी (कासेच्या सुजेसाठी) इंजेक्शन दिलेल्या जनावराचे दूध डॉक्टरने सांगितलेल्या मुदतीपर्यंत, साधारण तीन दिवस, बाजूला ठेवायला सांगा. चीक पहिले पाच दिवस घ्यायचा नाही.

कॅन धुण्यातली चूक सगळीकडे सारखीच आढळते: पहिलेच पाणी कढत ओततात. त्याने दुधाचा अंश पत्र्याला शिजून चिकटतो, आणि पुढे कितीही घासला तरी वास जात नाही. आधी गार पाण्याने खळखळून घ्या, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, परत स्वच्छ पाणी, आणि शेवटी फळीवर पालथा. जमिनीवर पालथा घातलेला कॅन आतून वाळत नाही. पावसाळ्यात चुलीच्या उबेला ठेवा.

आणि नमुन्याचे दूध. साठ सभासद, वेळेला ५० मिली, दोन वेळा, म्हणजे दिवसाला ६ लिटर, महिन्याला १८० लिटर. हे दूध सभासदांचे आहे. टेस्टिंगनंतर उरते ते कुठे गेले, कोणाला विकले, पैसे कधी जमा झाले, याला वेगळी वही ठेवा. गावात चहाला विकलेल्या दुधालाही तीच वही. पुष्कळ सोसायट्यांत पहिला वाद इथेच पेटतो, तोही रकमेपेक्षा लपवाछपवीवरून.

माणसे आणि पैसा

जो माप घेतो त्याने रोकड सांभाळू नये. दोनच माणसे परवडत असतील तर एकाने माप आणि फॅट, दुसऱ्याने वही आणि बँक. अध्यक्षाचा मुलगा सेक्रेटरी असेल तर तो कितीही प्रामाणिक असो, गाव विश्वास ठेवत नाही. अशी नेमणूक टाळा. प्रत्येक सभासदाच्या पासबुकात त्याच वेळी लिटर, फॅट, डिग्री लिहा. संध्याकाळी एकदम भरलेल्या पासबुकाला काही अर्थ नाही.

बिलाची तारीख चुकवू नका. खासगी डेअरीची गाडी दारात येते, लिटरला दोन रुपये जास्त देते आणि रोख देते. पण ती फॅट कसे काढते, दर थंडीत किती पाडते, हे सगळे मिळून वर्षाचे बघा. राज्य सरकारचे प्रति लिटर प्रोत्साहन धन २००८ पासून आहे, आणि ते संघाच्या सोसायटीत घातलेल्या दुधालाच मिळते. ते उशिरा जमा होते, म्हणून लोक हिशेबात धरत नाहीत. तुलनेच्या तक्त्यात तो रकाना टाका आणि भिंतीवर लावा. आधार बँक खात्याला जोडलेले नसेल तर तो पैसा अडकतो. सभासद करून घेतानाच ते तपासा.

पहिली दोन वर्षे दुधाच्या पैशातून कोणालाही कर्ज देऊ नका. पेंड उधार द्यायची असेल तर मर्यादा ठरवा: मागच्या बिलाच्या निम्म्यापर्यंत, आणि पुढच्याच बिलातून वळती, लेखी संमतीने. पीककर्जासाठी पीकेपीएस (प्राथमिक कृषी पतसंस्था) आहे, आणि ५ लाखांपर्यंतचे बिनव्याजी पीककर्ज तिथूनच मिळते. दोन्ही दप्तरे एकमेकांत मिसळू नका. नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो, तो कायद्यानेच काढायचा असतो. उरलेल्यातून बोनस द्यायचा तर दुधाच्या प्रमाणात द्या, डोईप्रमाणे नको.

वैरणीचा विचार त्याच वर्षी करा. भाताचे पिंजर भरपूर असते, पण कस कमी. १०० किलो पिंजराला ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, ताडपत्रीने हवाबंद झाका, २१ दिवसांनी उघडा. खायला घालण्याआधी तासभर हवेवर पसरा. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला द्यायचे नाही, आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाला लागेल अशा जागी ठेवायचे नाही. काळी बुरशी आलेले पिंजर प्रक्रियेनेही सुधारत नाही, ते खतात टाका. सुगीनंतर कोरडे असतानाच हे काम उरका.

गाडी येत नाही तेव्हा

चोर्ला घाटाकडचा रस्ता किंवा वाडीचा साकव बंद झाला तर दूध ओतून द्यायची पाळी येते. त्यासाठी मोठी लोखंडी कढई आणि गॅसची शेगडी केंद्रावर असू द्या. म्हशीच्या ५ लिटर दुधाचा साधारण १ किलो खवा होतो. बेळगावात कुंद्यामुळे खव्याला गिऱ्हाईक बारमाही आहे, पण विकायचा तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी आधी काढून ठेवा. आंबटपणा चढलेल्या दुधाचा खवा करू नका. ते कढईत फाटते. गाडी येणार नाही हे सात वाजता कळले तर सव्वासातला कढई चढली पाहिजे. ते कोणी ठरवायचे, कोणी ढवळायचे, आणि त्या दिवशीच्या दुधाचा दर काय धरायचा, याचा ठराव जूनच्या आधी करून ठेवा.

वार्षिक सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यावी लागते. तेव्हा रोप लावण उरकलेली असते, पण पाऊस असतो. सकाळच्या संकलनानंतर लगेच, केंद्राच्या जवळच सभा लावा, म्हणजे वाड्यांच्या लोकांना दुसरी खेप पडत नाही. नोटीस कन्नडबरोबर मराठीतही द्या, आणि ती हाती पोचल्याची सही घ्या. हजेरीच्या वहीत सही किंवा अंगठा सभासदाचा स्वतःचाच हवा. सभांना सतत गैरहजर राहिलेल्याचा मतदानाचा हक्क जाऊ शकतो. पाच वर्षांनी सहकार निवडणूक प्राधिकरणाची निवडणूक लागली की कोणाचे नाव यादीत राहील आणि कोणाचे उडेल, हे याच वहीवरून ठरते. म्हणून ती वही सेक्रेटरीच्या घरी नव्हे, केंद्राच्या कपाटात कुलपात ठेवा, आणि किल्ल्या दोघांकडे द्या.